निळं खळं

आमच्या हिचं एक आहे. लेक येणार एवढं नुसतं कानावर पडायचा अवकाश, ही घर डोक्यावर घेते. ओवी मुंबईला शिकायला होती तेव्हा गणपतीला दोन दिवस यायची, आणि त्या दोन दिवसांसाठी ही मला आधीचा पंधरवडा घरात धड बसू द्यायची नाही. मी जिथे बसेन नेमकं तिथलंच तिला पुसायचं असायचं. आता तर ओवीला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण, तेही माहेरी. मग काय विचारता!

मी सुहास भाटकर. सगळा जन्म मच्छीमारांच्या लाँचची इंजिनं दुरुस्त करण्यात गेला, त्यामुळे माझा आवाज मोठा आहे आणि तोंडही फारसं बरं नाही. हिचं नाव वृषाली. तिचा आवाज बारीक आहे, पण घरात चालतो तोच.

आमचं आगरखोल गाव समुद्राच्या कडेला, आणि पाठीला सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार. पाच वर्षांपूर्वी खाडीपलीकडच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला. धडाड-धूम असं काही ऐकू आलं नाही. अणुभट्टीचा गाभा थंड ठेवणारे पंप बंद पडले, त्यांच्या बदलीचे पंपही चालले नाहीत, आणि आतली किरणोत्सारी धूळ वाफेबरोबर बाहेर पडली. वारा नेमका आमच्या दिशेला होता. धूळ कुणाला दिसली नाही, तिला वास नाही, की डोळ्यांत गेली तर चुरचुर नाही. संध्याकाळपर्यंत बसगाड्या आल्या आणि आम्हाला उचलून घाटावरच्या छावणीत नेऊन टाकलं. पंप बंद पडले म्हणून गाव सोडायचं, हे ऐकून मी इंजिनवाल्याने ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

त्या धुळीत बरंच काही होतं. त्यातलं आयोडीन काही महिन्यांत संपलं. उरलं ते सीझियम, आणि त्याचा जोर निम्म्यावर यायला तीस वर्षं लागतात. हे सीझियम मोठं लबाड. झाडाझुडपांना आणि गुरामाणसांना ते पोटॅशियमसारखंच वाटतं, म्हणून ती त्याला हौसेने आत घेतात. काही ठिकाणची चिकणमाती त्याला घट्ट धरून ठेवते. आमची जांभ्याची तांबडी माती तशी नाही, तिच्यातून ते मुळांवाटे गवतात जातं, गवतातून गाईत आणि गाईतून दुधात. गाव परत वसायला परवानगी मिळत नव्हती ती या दुधापायी.

मग नीळगोळी निघाली. प्रशियन ब्ल्यू नावाचा एक निळा रंग आहे, चित्रकार तो पूर्वीपासून वापरतात. त्याच्या कणांच्या आत बारीक जाळी असते आणि त्या जाळीत सीझियम नेमकं अडकतं, मग काही केल्या सुटत नाही. हे शास्त्रज्ञांना आधीपासून माहीत होतं. नवं एवढंच, की उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशात या रंगाची मुठीएवढी गोळी तयार केली. ती गाईच्या कोटीपोटात, म्हणजे जिथून रवंथ वर येतो त्या पिशवीत, वर्षभर बसून राहते. तिथे ती कणाकणाने झिजते आणि गवतातून आलेलं सीझियम रक्तात जाऊच देत नाही. गाय सड्यावर चरली तरी दूध स्वच्छ.

त्या गोळीच्या जिवावर आम्ही दोन वर्षांपूर्वी घरी परत आलो. सरकारने घराभोवतीची धुळीची माती खरवडून नेली आणि घाटावरची चांगली माती आणून पसरली. प्रत्येकाच्या छातीवर एक बिल्ला आला. अंगाला लागलेले किरण तो मोजतो आणि गेल्या महिन्याची सरासरी आकड्याने आणि रंगाने दाखवतो. हिरवा म्हणजे खुशाल राहा, पिवळा म्हणजे जपा, तांबडा म्हणजे गाव सोडा. महिन्यातून एकदा पूर्वा कोहळे नावाची मुलगी यायची आणि दूध, विहिरीचं पाणी, भाजी, घरातल्या खोल्या असं सगळं मोजून जायची. शिकलेली, भंडाऱ्याकडची, आणि बोलायला अगदी मोकळी. हिने तिला पहिल्याच दिवशी जेवायला बसवलं, तेव्हापासून आम्ही काका-काकू.

नियम असा होता, की गरोदर बाई गावात यायची तर त्या घरातल्या माणसांचे बिल्ले हिरवे हवेत. बाळाच्या बाबतीत थोडंही उन्नीस-बीस नको, आणि ते बरोबरच होतं. ओवीच्या सासूबाई, कोरेगावच्या छायाबाई जगदाळे, यांनी तर फोनवर स्वच्छच सांगितलं होतं की सातव्यात सून धाडतो, पण तुम्हा दोघांचे बिल्ले हिरवे असतील तर. नाहीतर बाळंतपण कोरेगावात होईल. ओवीने आणि अर्णवने आपलं आपण जमवलेलं लग्न. त्यामुळे दोन्ही घरांत रागलोभ नव्हता, पण गूळपीठही नव्हतं. फोन ठेवल्यावर ही मला म्हणाली, बाई कडक आहे. मी म्हटलं, चला, तुला कुणीतरी भेटलं.

तेव्हा आमचे बिल्ले हिरवेगार होते, म्हणून विनोद सुचत होते.

आमच्याकडे अंगणाला खळं म्हणतात. पाऊस गेला की खळं करायचं. माती भिजवून लाकडी चोपण्याने चोपून सपाट करायची आणि वर शेणाने सारवायचं. मग पुढच्या पावसापर्यंत सगळा संसार त्या खळ्यात. वाळवणं तिथे, दुपारची लवंड तिथे, आल्यागेल्याशी गप्पा तिथे. छावणीत हिला सगळ्यात जास्त आठवण आली ती समुद्राची नाही, घराचीही नाही, खळ्याची. परत आलो त्या वर्षी नवी माती बसायची होती, म्हणून हिने कळ काढली. यंदा मात्र दसरा झाला आणि चोपणं बाहेर निघालं. तांबू आणि तिची पाडी, अशी दोन गुरं आमच्याकडे. त्यांना सड्यावर न्यायचं काम माझं, आणि शेण हिच्या मालकीचं. लोक पंधरा दिवसांनी सारवतात, ही दर चार दिवसांनी सारवायला लागली. लेक येणार ना! बाळ रांगेल, त्याच्या गुडघ्यांना खडा लागता कामा नये, म्हणून थरावर थर. मी म्हटलं, अगं, ते अजून जन्माला यायचंय, जन्मल्यावर रांगायला लागेपर्यंत पुढचा पावसाळा येईल. तिने मला पलीकडे सरकायला सांगितलं, कारण मी ओल्यात उभा होतो.

गोळीमुळे शेणाला हिरवट निळी झाक आली होती. सुकल्यावर खळं असं काही निळसर दिसायचं की शेजारणी बघायला यायच्या. हिने ओवीला फोनवर खळं दाखवलं. ओवी म्हणाली, आई, हे तर आभाळ खाली आल्यासारखं दिसतंय. त्या कौतुकावर हिने आणखी दोन थर चढवले.

मकरसंक्रांतीच्या सुमारास बिल्ले पिवळे झाले. आधी हिचा, मग माझा.

आता घरात भांडणं कशी होतात बघा. सड्यावर पावसाळ्यात रोवणं उगवतात, म्हणजे रानातली अळंबी. ती सीझियम भलतंच शोषून घेतात, म्हणून खायला बंदी. हिने ठरवूनच टाकलं की मी गुरांमागे जातो तेव्हा सुकवून ठेवलेली अळंबी कुणाकडे तरी बसून खातो. मी देवाशपथ सांगितलं. ती म्हणाली, लग्नात तुम्ही देवाब्राह्मणांसमोर तंबाखू सोडली होतीत. मग मी ती खाते त्या सुक्या बांगड्यांवर आळ घेतला, आणि घरात दोन दिवस माणसं तांबूशी बोलत होती, एकमेकांशी नाही. हसू नका. हिने माझ्या ताटात भात वाढला, पण आमटी स्वतः घ्या म्हणाली, यावरून काय ते समजा. पिवळ्या रंगाला घाबरून आम्ही एकमेकांना चावत होतो. ओवीचा सातवा जवळ येत होता, आणि तिला मी किंवा हिने काही सांगितलेलं नव्हतं. तिला मात्र बिल्ल्यांचे आकडे तिथे बसूनही फोनवर दिसायचे. तिने एवढंच विचारलं, बाबा, मी येऊ शकेन ना? मी आवाज येत नाहीये असं सांगून फोन ठेवला.

पूर्वा आली. तिने दूध मोजलं, स्वच्छ. पाणी स्वच्छ. भाजी ठीक. स्वयंपाकघर, माजघर, सगळं ठीक. माझ्या तोंडाकडे बघत तिने अळंबीचंही विचारलं, म्हणजे हिने तिच्याही कानात भरवलं होतं. मी भडकलो. ती शांतपणे म्हणाली की काका, रागावू नका, दोघांचे बिल्ले काढून द्या. तिने दोन्ही बिल्ले ओट्यावर शेजारी ठेवले आणि त्यांचे आकडे ताडून बघितले.

"काका, तुम्ही रोज सड्यावर जाऊन राहिले. धूळ खरी तिथे हाय. अन् काकू घर सोडत नाहीत. मग काकूंचा आकडा मोठा कसा?"

ही लगेच म्हणाली, बघा, मी काही खात नाही. तिला वाटलं तिची बाजू जिंकली. पूर्वाने तिला विचारलं की काकू, दिवसभर तुम्ही कुठे कुठे असता ते सांगा. ही सांगायला लागली. सकाळी झाडते, मग सारवते, दुपारी खळ्यातच पाठ टेकते, कोकमं तिथेच, पापड तिथेच. पूर्वाने मोजणीच्या कागदावर बघितलं. खळ्याची माती बदललेली असल्यामुळे तिथे मोजायची गरज नाही, असं ठरलेलं होतं. ती उठली, चपला काढल्या, कारण हिच्या खळ्यात कुणी चपला घालत नाही, आणि मोजायचं यंत्र जमिनीवर टेकवलं.

यंत्र जे कडकडायला लागलं ते थांबेचना.

पूर्वाने विचारलं की हा निळा रंग कसला. हिने अभिमानाने सांगितलं, तांबूचा. मला त्याच क्षणी कळलं. इंजिनात तेल गाळायचा फिल्टर असतो, तो तेल स्वच्छ करतो म्हणजे कचरा नाहीसा करत नाही, आपल्यात साठवतो. आणि तो फिल्टर कुठे टाकायचा हे कुणीतरी बघावं लागतं. गोळीने सीझियम दुधात जाऊ दिलं नाही. मग ते जाणार कुठे? ते शेणातून बाहेर पडलं, सगळंच्या सगळं, निळ्या रंगाला घट्ट चिकटून. सड्यावरचं जे काही गवतात होतं ते तांबू पोटात भरून रोज घरी आणत होती, आणि ही ते प्रेमाने दाराशी पसरत होती, थरावर थर.

पूर्वा मटकन ओट्यावर बसली. म्हणाली की ज्या देशात गोळी तयार झाली तिथे शेण यंत्राने थेट टाकीत जातं, माणूस त्याला हात लावत नाही. तिथल्या कुणाला हे सुचणं शक्य नव्हतं, आणि इथल्या कुणी विचारलं नाही, तिने स्वतःसुद्धा. तिच्या आजीकडेही अंगण सारवतात. तिला स्वतःचा फार राग आला होता.

मी हिच्याकडे बघितलं. ही स्वतःच्या हातांकडे बघत होती. अपघाताच्या दिवशी ही रडली नव्हती, छावणीत रडली नव्हती. आताही रडली नाही. आत गेली आणि मोरीत हात धूत बसली, साबण संपेपर्यंत. मी दारात जाऊन उभा राहिलो. मला समजूत घालता येत नाही, कधीच आली नाही. मी म्हटलं, वृषाली, तुला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "माझ्या लेकरासाठी मी विष सारवत होते हो." मग मी खाली बसलो आणि तिचे हात नळाखालून बाजूला घेतले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिचे हात असे हातात धरायची वेळ माझ्यावर फारशी आली नव्हती. फार खरखरीत होते, आणि मला त्यांचं फार वाईट वाटलं.

सरकारी माणसं येऊन खळं काढायची तर रांग मोठी होती; पाऊस सुरू झाला असता. पण पूर्वाने आणखी मोजून बघितलं आणि एक चांगली गोष्ट निघाली. निळा रंग सीझियम सोडत नाही म्हणून ते शेणाच्या थरातच अडकून राहिलं होतं, खालच्या मातीत उतरलं नव्हतं. थर तेवढा निघाला की काम झालं. तिने वर भांडून परवानगी आणली, तोंडावरच्या पट्ट्या, हातमोजे आणि झाकणाची पिंपं आणली. आधी पाणी शिंपडायचं, धूळ उडू द्यायची नाही, आणि मग उलथन्याने थर सोलायचा. मी, पूर्वा आणि शेजारची चार माणसं गुडघ्यांवर बसलो. चांगलं चोपलेलं खळं, थर पापडासारखा निघत होता. हिला मी आतच बसायला सांगितलं होतं. ती खिडकीशी उभी राहून बघत होती, आणि मध्येच तिने आतून सांगितलं की तुळशीच्या मागचा कोपरा राहिला. माझ्या मनात आलं, चला, जीव आला हिच्यात.

पूर्वाने कळवल्यावर पंचक्रोशीतल्या सगळ्यांची खळी मोजली गेली आणि गोळी खाल्लेल्या गुरांचं शेण पिंपात भरून न्यायची सोय झाली. तांबूचं शेण पिंपात जाताना हिला बघवायचं नाही. पण आमचा आकडा उतरायला लागला. ओवीचा सातवा लागला त्या आठवड्यात माझा बिल्ला हिरवा झाला, आणि चार दिवसांनी हिचा. मी गावभर ओरडून सांगितलं. ओवी फोनवर रडली, अर्णवही काहीतरी पुटपुटला.

हिचं मात्र काही खरं नव्हतं. खळं उघडं तांबडं पडलं होतं, आणि ही त्याला हात लावत नव्हती. झाडायचीसुद्धा लांब दांड्याच्या झाडूने. मी म्हटलं, फरशा घालू. ती म्हणाली, घाला. हिने फरशांना हो म्हटल्यावर मी घाबरलो. लेक पहिल्या बाळंतपणाला येणार आणि दारात सारवण नाही, रांगोळी नाही, याचं तिला किती लागलं असेल हे मला कळत होतं. कदाचित मी ते ओवीकडे बोललो असेन. ओवी सासूकडे बोलली असणार.

ठरलेल्या दिवशी सकाळीच जगदाळ्यांची गाडी आली. पुढे अर्णव, मागे ओवी, आणि ओवीशेजारी छायाबाई. या बाईंना मी लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होतो. उतरल्या, आमच्या दोघांच्या छातीवरचे बिल्ले अगदी जवळून बघितले, आणि ओवी दार उघडायला लागली तर तिला म्हणाल्या, थांब, उतरू नको. म्हटलं, आता परत नेतात की काय.

छायाबाईंनी गाडीची डिकी उघडायला लावली. आत झाकणबंद दोन बादल्या होत्या. त्यांनी एकीचं झाकण काढलं. शेण, ताजं, हिरवंगार. वाटेत पूर्वाकडून ते मोजूनही आणलं होतं.

"कोरेगावचं हाय," त्या हिला म्हणाल्या. "आमच्या गाईचं. तिथवर तुमची धूळ आली न्हाय. सून मी उघड्या अंगणात उतरवणार न्हाय, ताई."

घाट ओलांडून ही बाई शेण घेऊन आली होती. छायाबाईंनी पदर खोचला, पाणी मागितलं, आणि खळ्यात बसून शेण कालवलं. हिला म्हणाल्या, या. ही दोन पावलं मागे सरली. माझ्या हातांनी नको, असं काहीतरी पुटपुटली. मला वाटतं छायाबाईंना सगळं आधीच माहीत होतं. त्या उठल्या, हिच्यापाशी गेल्या आणि हिचं मनगट धरलं.

"बाळाला तेल कोण लावणार मग? ह्येच हात ना? घाला."

आणि त्यांनी हिचा हात बादलीत घातला. ही रडायला लागली ती तिथे, अपघातानंतर पहिल्यांदा, मोठ्याने. रडत रडतच खाली बसली आणि सारवायला लागली. दोघी विहिणी समोरासमोर, एक तुळशीकडून, एक पायरीकडून. मी म्हटलं, अहो, पोर गाडीत अवघडली असेल, तिला आधी आत घेऊ. तर दोघी एकदम माझ्यावर ओरडल्या की सुकेपर्यंत खळ्यात कुणी पाऊल टाकायचं नाही.

मी मुकाट्याने गाडीत जाऊन लेकीशेजारी बसलो. ओवीने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं, काचेतून बघत राहिली आणि विचारलं, बाबा, आई रडतेय का?

"रडतेय आणि सारवतेय," मी म्हटलं. "तुझ्या आईला एका वेळी एकच काम कधी जमलंय?"